होस्ट्स फाइल आणि मंदावलेले इंटरनेट : कारणे व उपाय

एका द्विशिक्षकी शाळेत घडलेला प्रकार प्रारंभीच सांगणे उपयुक्त होईल. शाळेत संगणक एकच, आणि त्याला इंटरनेट मिळे ते शिक्षकांच्या स्वतःच्या मोबाइलवरून. मुले धडा पाहत असता पडद्याच्या कडेला नको त्या जाहिराती दिसू लागल्या. शिक्षक जागरूक होते. त्यांनी कोणाकडून तरी हजारो नावांची एक तयार यादी मिळविली आणि संगणकातील ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये ती उतरविली. जाहिराती थांबल्या, परंतु दुसऱ्या दिवसापासून पान उघडावयास इतका विलंब होऊ लागला की, तासिका संपे तरी धडा सुरू होत नसे. शिक्षकांनी प्रथम मोबाइल कंपनीस दोष दिला, मग पदरचे पैसे घालून अधिक डेटा घेतला, आणि अखेर संगणकच जुना झाला असे ठरविले. संगणकावर कापड घातले गेले, ते सत्र संपेपर्यंत निघाले नाही. दोष होता एका फाइलचा. तो हुडकून काढावयास अर्धा तास पुरला असता.

या प्रकारात शिक्षकांचा हेतू चांगला होता आणि कृतीही धाडसाची होती. उणीव राहिली ती एवढीच की, बदल करण्यापूर्वीची स्थिती त्यांनी जपून ठेवली नाही आणि बदलानंतर दोषाचा शोध क्रमाने घेतला नाही. ही फाइल म्हणजे काय, तिच्यामुळे इंटरनेट का मंदावते, आणि दोष तिचाच आहे की नाही हे कसे ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नाव आणि पत्ता

आपण ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचे नाव टंकित करतो. संगणकास मात्र नावाने पोहोचता येत नाही. त्याला अंकांचा पत्ता लागतो. हा पत्ता सामान्यतः चार संख्यांचा असतो आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. नावावरून पत्ता शोधून देण्यासाठी जगभर जी व्यवस्था आहे तिला डीएनएस असे म्हणतात. टपालाची उपमा द्यावयाची तर, केवळ नाव लिहिलेले पत्र योग्य घरी कसे न्यावे हे ज्याला ठाऊक असते, अशा जाणत्या पोस्टमनचे काम डीएनएस करते.

परंतु या पोस्टमनला विचारण्यापूर्वी संगणक स्वतःच्या खिशातील एक चिठ्ठी पाहतो. ती चिठ्ठी म्हणजेच होस्ट्स फाइल होय. तिच्या प्रत्येक ओळीत प्रथम पत्ता, मग मोकळी जागा आणि मग नाव असते. ज्या ओळीच्या आरंभी # हे चिन्ह असते ती ओळ केवळ टिपणाची समजून संगणक सोडून देतो. एखादे नाव या चिठ्ठीत सापडले, तर संगणक पुढे कोणासही विचारत नाही. चिठ्ठीत असेल तो पत्ता खरा मानून चालतो. तो पत्ता चुकीचा असला, जुना झाला असला, तरी त्याची शंका त्याला येत नाही. या फाइलचे सामर्थ्य यात आहे, आणि धोकाही यातच आहे.

ही फाइल आली कोठून?

इंटरनेटचा पूर्वज असलेले अर्पानेट हे जाळे अमेरिकेत १९६९ साली सुरू झाले. त्या काळी जोडलेले संगणक मोजके असल्यामुळे सर्वांची नावे व पत्ते एकाच यादीत मावत. पुढे कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील माहितीकेंद्र ही यादी सांभाळू लागले. एलिझाबेथ फाइन्लर या विदुषी त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवा संगणक जोडला गेला की त्याची नोंद केंद्राकडे कळवावयाची, केंद्राने ती यादीत घालावयाची, आणि इतर सर्वांनी यादीची नवी प्रत उतरवून घ्यावयाची, असा शिरस्ता होता.

संगणकांची संख्या शेकड्यांत जाताच ही पद्धत अपुरी पडू लागली. यादी लांबत चालली, ती उतरवून घेण्याचा भार वाढला, आणि एका ठिकाणी झालेला बदल दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत तेथील प्रत शिळी होऊ लागली. यावर उपाय म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएसची रचना मांडली. तीत सर्वांची एकच यादी न ठेवता, ज्याने त्याने आपापल्या विभागाची नोंद ठेवावी आणि विचारणा होईल तेव्हा ताजे उत्तर द्यावे, अशी योजना आहे. जुनी यादी मात्र पूर्णपणे गेली नाही. प्रत्येक संगणकात होस्ट्स फाइलच्या रूपाने तिचा अवशेष आजही आहे.

हा इतिहास येथे देण्याचे कारण असे की, यादी फार लांबणे आणि यादी शिळी होणे या ज्या दोन दोषांमुळे जगाने ही पद्धत सोडली, तेच दोष आपण होस्ट्स फाइल भरू लागताच शाळेच्या संगणकात पुन्हा उत्पन्न होतात.

वेग मंदावण्याची कारणे

पहिले कारण यादीच्या लांबीचे. जाहिराती अडविण्यासाठी मिळणाऱ्या तयार याद्या हजारो ओळींच्या, प्रसंगी लाखाहून अधिक ओळींच्या असतात. विंडोज प्रणालीत ‘डीएनएस क्लायंट’ नावाची एक सेवा ही सारी यादी वाचून स्मृतीत ठेवते. जुन्या, कमी स्मृतीच्या संगणकास हा भार पेलत नाही. ‘टास्क मॅनेजर’ उघडून पाहिले असता ही सेवाच प्रक्रियकाचा मोठा भाग व्यापून बसलेली आढळल्यास दोष यादीच्या लांबीत आहे असे समजावे. अशा वेळी ती सेवाच बंद करावी असा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. मिळालेली उत्तरे लक्षात ठेवण्याचे उपयुक्त कामही तीच सेवा करते.

दुसरे कारण अडविण्याच्या पद्धतीचे. नको असलेल्या नावापुढे पुष्कळदा १२७.०.०.१ हा पत्ता लिहिलेला असतो. याचा अर्थ ‘हाच संगणक’. म्हणजे जाहिरातीचे चित्र मागावयास निघालेला ब्राउझर स्वतःच्याच घराचे दार ठोठावतो. आत उत्तर देणारे कोणी नसते. परंतु विंडोज एका नकाराने थांबत नाही, ती पुन्हा दोन-तीनदा प्रयत्न करते आणि त्यात सेकंद-दोन सेकंद जातात. पानातील इतर मजकूर त्या घटकासाठी खोळंबलेला असेल, तर सारे पानच अडून राहते. याऐवजी ०.०.०.० हा पत्ता लिहिल्यास विंडोजमध्ये तो प्रयत्न तत्काळ निष्फळ ठरतो आणि खोळंबा होत नाही.

तिसरे कारण शिळ्या पत्त्याचे. एखादे संकेतस्थळ लवकर उघडावे म्हणून कोणीतरी त्याचा पत्ता फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवतो. पुढे त्या संकेतस्थळाचा पत्ता बदलतो. डीएनएसला ते कळते, आपल्या फाइलला कळत नाही. विद्यार्थ्याचे कुटुंब दुसऱ्या गावी गेले, परंतु शाळेच्या नोंदवहीत जुनाच पत्ता राहिला, म्हणजे पत्राचे जे होते तेच येथे होते. जुन्या पत्त्यावरून काहीच उत्तर आले नाही, तर विंडोज सुमारे वीस सेकंद वाट पाहून मगच प्रयत्न सोडते.

चौथे कारण सहज लक्षात न येणारे आहे. मोठी संकेतस्थळे आपल्या मजकुराच्या प्रती अनेक शहरांतील संगणकांवर ठेवतात, आणि विचारणाऱ्यास शक्यतो जवळचा पत्ता मिळावा अशी योजना डीएनएसमध्ये केलेली असते. मुंबईतील प्रत उपलब्ध असता आपल्या फाइलमध्ये परदेशातील पत्ता कायम केलेला असेल, तर पान उघडते खरे, परंतु ते सातासमुद्रांपलीकडून येते. काहीच बिघडलेले दिसत नाही. केवळ वेग कमी झालेला असतो.

दोष याच फाइलचा आहे काय?

एखादी गोष्ट दुसरीच्या नंतर घडली एवढ्यावरून ती तिच्यामुळेच घडली असे म्हणता येत नाही. फाइल सोमवारी बदलली व इंटरनेट मंगळवारी मंदावले, तरी मंगळवारी डेटाची मर्यादा संपलेली असणे अशक्य नाही. म्हणून दोष गृहीत न धरता पुढील क्रमाने पडताळून पाहावा.

(१) नेहमीच्या उपयोगातील तीन संकेतस्थळे निवडावी. प्रत्येक उघडावयास किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे व वहीत लिहावे. एकदा पाहिलेले पान ब्राउझर जपून ठेवतो व दुसऱ्या वेळी लवकर दाखवितो. म्हणून मोजणी करताना दर वेळी ब्राउझर बंद करून त्याची खासगी खिडकी नव्याने उघडावी.

(२) ‘सी’ ड्राइव्हमधील ‘विंडोज’, त्यातील ‘सिस्टिम३२’, त्यातील ‘ड्रायव्हर्स’ आणि त्यातील ‘ईटीसी’ या फोल्डरमध्ये जावे. तेथे होस्ट्स फाइल असते. ती पुसून टाकू नये. तिचे केवळ नाव बदलावे, उदाहरणार्थ नावापुढे ‘जुनी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द जोडावा. संगणक व्यवस्थापकाची परवानगी मागेल, ती द्यावी. ही फाइल नसली तरी विंडोजचे इंटरनेट बिनतक्रार चालते, तेव्हा भीती बाळगण्याचे कारण नाही.

याच फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ या नावाला टीएक्सटी हा शेपटा जोडलेली फाइलही आहे काय, ते पाहावे. नोटपॅडमधून साठविताना हा शेपटा पुष्कळदा आपोआप लागतो, आणि तो लागलेली फाइल संगणक वाचतच नाही. आपण केलेला बदल या शेपटीच्या फाइलमध्येच गेला असेल, तर तो मुळी अमलातच आलेला नाही आणि दोष अन्यत्र आहे, हे तेथेच सिद्ध होते. शेपूट दिसत नसेल, तर फोल्डरच्या ‘व्ह्यू’ या विभागातून फाइलच्या नावाचे शेपूट दाखविण्याची सोय चालू करावी.

(३) संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू केल्याने स्मृतीतील जुनी उत्तरे पुसली जातीलच असे नाही. ‘रीस्टार्ट’ने ती पुसली जातात. संगणक सुरू झाल्यावर पाच मिनिटे थांबावे, कारण आरंभी तो स्वतःचीच अनेक कामे उरकीत असतो.

(४) तीच तीन संकेतस्थळे त्याच रीतीने उघडून पुन्हा वेळ मोजावी.

(५) फाइलचे मूळ नाव पुन्हा देऊन, संगणक पुन्हा रीस्टार्ट करून तिसऱ्यांदा मोजावे.

फाइल नसता वेग वाढला आणि फाइल परत येताच तो पुन्हा घटला, तरच दोष फाइलचा ठरतो. पाचवी पायरी अनेकांना अनावश्यक वाटेल. परंतु नेमका त्याच घटकेस मोबाइलचा संदेशपट्टा सुधारला असल्यास फाइलवर खोटा आळ येईल. तो येऊ नये म्हणून ही पायरी आहे.

जिज्ञासू शिक्षकांसाठी आणखी एक कसोटी आहे. ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पिंग’ ही आज्ञा व तिच्यापुढे संकेतस्थळाचे नाव लिहिले असता संगणक कोणत्या पत्त्यावर जात आहे ते दिसते. ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा मात्र होस्ट्स फाइल न पाहता थेट डीएनएसला विचारते. दोन्ही उत्तरे भिन्न असून ‘पिंग’ने दाखविलेला पत्ता आपल्या फाइलमध्ये लिहिलेला असेल, तर त्या नावापुरता कारभार फाइलच्याच हाती आहे हे निश्चित समजावे. केवळ उत्तरे भिन्न असणे पुरेसे नाही. मोठ्या संकेतस्थळांचे पत्ते मुळातच अनेक असतात.

दोष सिद्ध झाल्यावर

यादी हजारो ओळींची असेल तर ती संपूर्ण काढून टाकणे हाच सरळ उपाय होय. यादी थोडक्या ओळींची असेल आणि दोष एकाच ओळीत असावा असा तर्क असेल, तर निम्म्या ओळींच्या आरंभी # हे चिन्ह घालून वेग पाहावा. वेग सुधारला तर दोष त्या निम्म्यात. न सुधारला तर उरलेल्या निम्म्यात. मग त्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग करावे. मनातली संख्या ओळखण्याचा खेळ मुले याच रीतीने खेळतात. सोळा ओळींतील सदोष ओळ अशा चार फेऱ्यांत सापडते. प्रत्येक फेरीनंतर फाइल साठवून संगणक रीस्टार्ट करण्यास विसरू नये.

फाइलमध्ये बदल करताना नोटपॅड हे व्यवस्थापकाच्या अधिकाराने उघडावे. फाइलला शेपूट नसल्यामुळे ती निवडताना ‘सर्व फाइली’ हा पर्याय घ्यावा लागतो. पत्त्याचे अंक इंग्रजीतच लिहावे. देवनागरी अंक येथे चालत नाहीत. विंडोजच्या मूळ फाइलमध्ये केवळ # चिन्हाच्या टिपणओळी असतात; तेव्हा सर्व ओळींना ते चिन्ह लावणे म्हणजे फाइल मूळपदावर आणणेच होय. ज्या शाळांत लिनक्स प्रणालीचे संगणक आहेत तेथे मात्र फाइलचे नाव बदलू नये किंवा ती रिकामी करू नये. ‘लोकलहोस्ट’ची ओळ आणि त्या संगणकाच्या स्वतःच्या नावाची ओळ तेथे आवश्यक असते, ती गेल्यास नवाच विलंब उत्पन्न होतो. तेथे आपण घातलेल्या ओळी तेवढ्या काढाव्या.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. शाळेतील कोणीही न लिहिलेल्या ओळी फाइलमध्ये आढळल्या, विशेषतः त्यांत बँकेचे अथवा शोधयंत्राचे नाव असले, तर ते घातक आज्ञावलीचे काम असण्याचा संभव असतो. अशा संगणकावर कोणताही परवलीचा शब्द टंकित करू नये. ‘विंडोज सिक्युरिटी’मधून संपूर्ण तपासणी करावी, आणि आधी वापरलेले परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावे.

दोष फाइलचा नसेल तर

फाइल असता व नसता वेळ सारखाच लागला, तर ती निर्दोष मानून पुढे जावे. मोबाइलचा दैनिक डेटा संपला आहे काय, विंडोज पार्श्वभूमीवर स्वतःची अद्ययावत आवृत्ती उतरवून घेत आहे काय, मोबाइल जाड भिंतीआड ठेवला आहे काय, हे क्रमाने पाहावे. मोबाइलवर संदेश क्षीण असेल, तर तो खिडकीपाशी ठेवून पुन्हा मोजणी करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

मुलांच्या संरक्षणाचे काय?

यादी काढून टाकली तर जाहिराती पुन्हा येतील, मग मूळ हेतूचे काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. त्यासाठी होस्ट्स फाइलपेक्षा हलके उपाय उपलब्ध आहेत. क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०२० साली कुटुंबांसाठी एक निःशुल्क डीएनएस सेवा सुरू केली. संगणकाच्या जोडणीच्या मांडणीत डीएनएस म्हणून १.१.१.३ आणि पर्यायी म्हणून १.०.०.३ हे पत्ते दिले, तर घातक व प्रौढांसाठीची संकेतस्थळे सेवेकडूनच अडविली जातात. लांब यादी शाळेच्या संगणकास वाहावी लागत नाही. ही सेवा जाहिराती मात्र थांबवीत नाही. त्यासाठी फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ‘युब्लॉक ओरिजिन’ ही जोड बसवावी. तीही विनामूल्य असून तिच्या याद्या आपोआप ताज्या होत राहतात. अर्थात कोणतीही आज्ञावली परिपूर्ण नसते. मुले संगणकापाशी असता शिक्षकाने जवळ असणे, याला पर्याय नाही.

संगणकाची नोंदवही

शेवटी एक सूचना. हजेरीपट, दाखल-खारीज, साहित्याची नोंद हे सारे आपण नियमाने लिहितो. त्याच पंक्तीस संगणकासाठी एक साधी वही ठेवावी. कोणत्या दिनांकास, कोणी, काय बदलले, बदलापूर्वी काय होते, आणि मूळ प्रत कोठे ठेवली आहे, एवढ्या चार गोष्टी तीत असाव्या. कोणतीही फाइल बदलण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी व ती नोंद प्रथम करावी. शिक्षकाची बदली होते, संगणक तेथेच राहतो. नव्याने येणाऱ्या शिक्षकास ही वही मिळाली, तर दोषाचे मूळ त्याला पहिल्याच दिवशी सापडेल.

प्रारंभी सांगितलेल्या शाळेत अशी वही असती, तर सोमवारी केलेली नोंद मंगळवारी डोळ्यांपुढे आली असती. मुलांचे एक सत्र वाया गेले नसते, आणि शिक्षकांना पदरचा पैसाही खर्चावा लागला नसता.